त्याला सांगलंत का?

भर बाजाराच्या दिवशी, मुरबाडच्या हमरस्त्यावर, शे-दीडशे माणसांच्या देखत मला माझ्या गाडीपुढे कबुलीजबाब द्यायला लावणारा माणूस म्हणजे वामनमिस्त्री. गाडी बंद पडली की आपण वैतागून "चालू हो गं बाई एकदाची" म्हणतो, तसलं बोलणं नव्हे. रीतसर बॉनेटसमोर उभं करून चौकशी.

"काय बदललंत?"

"सायलेन्सर बदललाय."

"माला नका सांगू. त्याला सांगा."

"कोणाला?"

"त्याला. आत बसलाय ना तो. कंपूटर."

मी अठ्ठावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. भुतं, भानामती, गाडीला बांधलेलं लिंबू-मिरची, या सगळ्यांविरुद्ध बोलून बोलून घसा बसवून घेतला. आणि आज माझ्याच विद्यार्थ्यांचे आईबाप हातात भाजीच्या पिशव्या घेऊन बघत होते, की बाई आता काय करतात. समोरच्या पानवाल्याने तर नीट ऐकू यावं म्हणून रेडिओ बंद केला. मेल्याचं दुकान जळो!

"मी सायलेन्सर बदलला," मी बॉनेटकडे बघत म्हणाले, "कारण आधीचा फार ओरडायचा."

"कारण नको. बदल सांगा. आजून काय?"

"एअर फिल्टर."

"कदी?"

"मागच्या महिन्यात. शहापूरला."

"झालं. सांगलंत ना? झालं मंग. आता त्याचा राग नाय." एवढं बोलून त्यांनी बॉनेट उघडलं.

त्याचा राग नाही म्हणे! आणि माझ्या रागाचं काय? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्याला कारण नुसता तो तमाशा नव्हता. खरं कारण पुढे सांगते, आधी हा प्राणी कोण ते सांगू दे.

मुरबाडहून सरळगावकडे निघालं की डाव्या हाताला शेवग्याच्या झाडाखाली एक पत्र्याची शेड होती. तेच वामनमिस्त्रींचं गॅरेज. पाटी नव्हती. दारात ट्रकचा एक आडवा टाकलेला टायर, त्यावर गिऱ्हाइकाने बसायचं. मिस्त्री उंच, सुकलेले, बाराही महिने खाकी अर्धी चड्डी. चष्म्याची एक काडी कधीकाळी तुटली होती, तिथे तांब्याची तार वळवून घातलेली. "तारेची काडी मोडत नाय," ते म्हणायचे, "कंपनीचीच मोडते."

मुरबाडला रेल्वे नाही. नव्वद-ब्याण्णवच्या सुमारास एसटी चुकली की कल्याणला जायला जीप हाच आधार. आत चौदा, टपावर चार, मागे लोंबकळणारे वेगळे. त्या सगळ्या जीपांची दुखणी मिस्त्रींकडे. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचे, मूठ कानाला, आणि डोळे मिटून निदान सांगायचे. "ह्यो उपाशी हाय." "ह्याला कफ झालाय." नाक्याच्या वळणाआडून जीप येताना आवाजावरून सांगत, की ही अमक्याची आणि ड्रायव्हर आज बायकोशी भांडून आलाय. कारण गिअर जोरात पडतोय. मी स्वतः दोनदा पडताळा घेतला. दोन्ही वेळा भांडण झालेलं होतं.

तेव्हा इंजिनाला काही कमीजास्त करायचं म्हणजे एक स्क्रू पिळायचा, काम झालं. मग गाड्यांत कंप्युटर आले आणि मिस्त्री जे भडकले ते भडकले. स्क्रू कुठे गेला? डिझेल किती सोडायचं हे ठरवणारा हा डबा कोण? "आत चोर बसवलाय कंपनीनं," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. आणि हाच माणूस पाच-सहा वर्षांत त्या चोराचा वकील झाला! त्याच्या वतीने अख्ख्या तालुक्याशी भांडायला लागला.

कोणी गाडीची ताकद वाढवायला काही मोठं बसवून आणलं की यांचा पहिला प्रश्न, "त्याला सांगलंत का?" एकाने म्हटलं, "मिस्त्री, थोडेसेच मोठे इंजेक्टर घातलेत." तर म्हणाले, "थोडेसेच? तुजी बायको भाजीत थोडंसंच दुप्पट मीठ घालंल, मंग खाशील का रं?" तो मनुष्य टायरवरून उठून निघून गेला. तीन दिवसांनी गाडी ढकलत परत आला. मिस्त्रींनी त्याला गाडीपुढे उभा केला, वदवून घेतलं, मगच पान्याला हात लावला.

हा प्रश्न पुढे गाड्यांपुरता राहिला नाही. टोकावड्याच्या एका शेतकऱ्याने डावा बैल उजवीकडे जुंपला आणि बैल अडला, अशी हकिगत तो टायरवर बसून सांगत होता. मिस्त्री गाडीखालून ओरडले, "बैलाला सांगलंस का?" एसटीची साडेसातची गाडी एकाएकी सातला सुटायला लागली, तर हे गृहस्थ स्टँडवर जाऊन कंट्रोलरशी भांडून आले. स्वतःला कुठे जायचं नव्हतं! आमच्या शाळेत सातवीचा वर्ग वरच्या मजल्यावरून खाली आणला, तेव्हा हेडमास्तरांना रस्त्यात गाठून "पोरांना सांगलंत का?" विचारलं. हेडमास्तर मला म्हणाले, "बाई, हा माणूस शिक्षण खात्याचा आहे का?"

तर आता माझी गाडी. ती माझ्या भाच्याची. ठाण्याला राहणारा, गाड्यांचं भयंकर वेड. त्याने तिला लांबरुंद मोकळा सायलेन्सर बसवला, उघडा फिल्टर बसवला आणि त्या इंजिनाच्या मापाने कंप्युटरला खास शिकवून घेतलं. मग त्याला नवी गाडी घ्यायची होती, म्हणून ही मावशीच्या गळ्यात. मी शहापूरला राहायचे, शाळा मुरबाडला. रोज सकाळी मी निघाले की किन्हवलीपर्यंतची कुत्री जागी व्हायची. शाळेच्या फाटकात शिरले की पोरं "विमान आलं, विमान आलं" ओरडत. बाईमाणसाला हे शोभतं का? म्हणून मी शहापूरला तो भोंगा काढून साधा, गरीब, गप्प बसणारा सायलेन्सर बसवला. फिल्टरही साधा. आवाज गेला, आणि गाडीचं डोकंही गेलं. आचके काय द्यायची, पेट्रोलचा वास काय मारायची. शेवटी त्या बाजाराच्या दिवशी नेमकी वामनमिस्त्रींच्या शेडपासून चाळीस पावलांवर मेली.

"बाई, घरी भात लावता ना?" बॉनेटमध्ये डोकं घालून मिस्त्रींनी विचारलं.

"म्हणजे काय? लावते की."

"जुन्या तांदळाला पाणी जास्त, नव्याला कमी. बरोबर? आता ह्यो आतला सैपाकी आंधळा हाय. त्याला कोनी शिकवलं, की ह्यो तांदूळ हाय, पाणी एवडं घाल. तुमी काय केलंत? गुपचूप डब्यात दुसराच तांदूळ भरलात. तो बिचारा सांगलंय तेवडंच पाणी घालतोय. मंग खिमट झालं की बोंब कोनाच्या नावानं? त्याच्या!"

"पण कंपनीच्या गाड्यांचे सायलेन्सर बदलतात लोक. त्या कुठे मरतात?"

"कंपनीचा सैपाकी लग्नकार्याचा असतो. सगळ्यांना चालंल असं रांधतो, कमीजास्त सावरून घेतो. ह्याला तुमच्या भाच्यानं एकाच घरच्या मापाचा शिकवलाय. असा खास शिकवलेला असला की तो हट्टी होतो. सांगलंय त्यापरीस एक थेंब इकडंतिकडं नाय करत."

"मग आता?"

"दोनच रस्ते. एक तर पयलाच तांदूळ परत आना, नायतर पाण्याचं माप नवं लिवून घ्या. लिवणारा कल्याणला हाय. मी वाचतो. लिवत नाय."

आणि वाचायला म्हणून त्यांनी आतून एक जुना लॅपटॉप आणला. तो होता शाळेच्या एका निळ्या दप्तरात. दप्तराच्या पट्ट्यावर पेनाने नाव लिहिलेलं होतं. मी ते ओळखलं, आणि गाडीपुढे गिळलेला सगळा राग उसळून वर आला.

कारण त्याला सांगलंत का, हे मला विचारत होतं कोण? वामनमिस्त्री! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! या माणसाने काय केलं होतं ते मुरबाडच्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मी तर या शेडची पायरी चढणार नाही अशी शपथ घेतली होती. गाडी मेली नसती तर पाळलीही असती.

दप्तरावर नाव होतं कल्पनाचं. कल्पना ही मिस्त्रींची एकुलती एक मुलगी, माझी विद्यार्थिनी. ती चौथीत असताना तिची आई गेली. पाचवीला माझ्या वर्गात आली तेव्हा तिच्या दोन्ही वेण्यांच्या पांढऱ्या रिबिनींना काळे डाग. मी तिला रागावले. दुसऱ्या दिवशीही तेच. मग बापाला शाळेत बोलावून घेतलं. हा ताडमाड माणूस माझ्या टेबलापुढे मान खाली घालून उभा राहिला. म्हणाला, "बाई, वेण्या मी घालतो. ग्रीस जात नाय हो हाताचं." तिसऱ्या दिवशी रिबिनी पांढऱ्याशुभ्र, पण पोरीच्या डोक्याला रॉकेलचा वास. त्याने हात रॉकेलने धुऊन मग वेण्या घातल्या होत्या. त्यानंतर मी त्या डागांबद्दल कधी बोलले नाही. दहावीपर्यंत ती पोर डागांच्या रिबिनी लावून आली आणि विज्ञानात पहिली आली.

शाळा सुटली की ती गॅरेजात, टायरवर बसून अभ्यास. मिस्त्री एका इंजिनाला स्क्रूड्रायव्हर लावून ऐकायचे, मग तिला ऐकवायचे. "सांग गो, काय बोलतोय?" पुढे तिने पुण्याला डिप्लोमा केला आणि तिथेच एका वर्कशॉपमध्ये लागली. तिथे हेच काम, गाडीच्या कंप्युटरला खास शिकवायचं. तोवर मिस्त्रींनी एक जुनी कंप्युटरवाली डिझेल जीप घेतली होती, माळशेजच्या भाड्यांसाठी. घाटात दम टाकायची. एका दिवाळीला कल्पना आली ती लॅपटॉप घेऊन.

"आत चोर बसलाय," मिस्त्री म्हणाले.

"चोर नाय, बाबा. आंधळा सैपाकी हाय. जेवडं सांगाल तेवडंच करतो," ती म्हणाली. तांदळाची गोष्ट तिचीच. यांनी नंतर स्वतःच्या नावावर खपवली.

तीन दिवस बापलेक माळशेज घाट चढत होते आणि उतरत होते. मिस्त्री चाकावर, कल्पना शेजारी, मांडीवर लॅपटॉप, त्याची वायर डॅशबोर्डाखाली. "बाबा, तिसऱ्यात घ्या. बाबा, दाबा. बाबा, पाय सोडा." उभ्या जन्मात वामनमिस्त्रींनी कोणाचं ऐकून पाय सोडला नव्हता. तिसऱ्या दिवशी दहा माणसं भरलेली जीप धूर न काढता तिसऱ्या गिअरमध्ये घाट चढली. मिस्त्री पेढे घेऊन शाळेत आले. "बाई, तुमच्या हाताखाली शिकली," म्हणाले, आणि आणखी एक पेढा माझ्या हातात कोंबून निघून गेले.

इथपर्यंत सगळं चांगलं होतं. मग या माणसाची बुद्धी चरायला गेली.

त्यांना वाटलं, एवढ्याशा इंजिनात एवढी ताकद आली, तर मोठे इंजेक्टर आणि मोठा टर्बो घातला तर काय होईल! इंजेक्टर म्हणजे इंजिनात डिझेल सोडणारी झारी, टर्बो म्हणजे हवा कोंबणारा पंखा. कुठूनतरी दोन्ही आणले, जुने भंगारवाल्याला देऊन टाकले आणि कल्पना पुण्यात असताना गपचूप बसवले. तिला कळवलं नाही. का? तर म्हणे पोरगी आली की चकित करायचं! नव्या टर्बोची एक शिट्टी यायची. पाय दाबला की शीऽऽऽ. मिस्त्रींना त्या शिट्टीचा कोण अभिमान! मुरबाडच्या नाक्यावर शिट्टी ऐकू आली की लोक म्हणत, वामनमिस्त्री आले. सपाट रस्त्यावर, रिकामी, जीप पंधरा दिवस पळाली. काळा धूर यायचा. "डिझेल भेसळीचं हाय," म्हणाले.

मग लग्नाचं भाडं आलं. ओतूरला लग्न, नवरदेव आणि त्याची माणसं जीपमध्ये, बाकीचं वऱ्हाड मागे टेंपोत. भर दुपारी भरलेली जीप घाट चढायला लागली. आतला सैपाकी कल्पनाने सांगितलं होतं तेवढाच वेळ झारी उघडत होता, पण झारी आता दुपटीची. धुराने मागचा टेंपो दिसेना. मग ठण्ण करून आवाज झाला आणि पिस्टनला भोक पडलं. नवरदेव खाली उतरला तो पांढऱ्या कपड्यांत काळाठिक्कर. मुंडावळ्यासुद्धा काळ्या. मुहूर्त घाटातच टळला.

नवरदेवाच्या मामाने मिस्त्रींची गचांडी धरली. आणि तेव्हा, त्या तीस-पस्तीस माणसांसमोर, तीस वर्षं इंजिनं ऐकणारा हा माणूस काय म्हणाला? "माजा काय दोष? पोरीनं त्या कंपूटरमधी काय भरलंय कोन जाने. तिनं घात केला."

आता मला सांगा, संताप येणार नाही तर काय होईल? मुलीच्या जातीवर खापर फोडायला जगाला निमित्तच लागतं. आठ दिवसांत तालुक्यात गोष्ट झाली, की वामनमिस्त्रीच्या पोरीने कंप्युटर बिघडवला. बायकांचं काम आहे का ते? कल्पना आली. तिने बॉनेट उघडलं आणि एका नजरेत तिला कळलं. चार माणसं बघत होती. ती एवढंच म्हणाली, "बाबा, हे बदललंत तर माला सांगलंत का?"

आणि मिस्त्री म्हणाले, "तुला कशाला सांगाचं? इंजिन माजं हाय."

तिने लॅपटॉप दप्तरात घातला, दप्तर टायरवर ठेवलं आणि त्याच दुपारच्या एसटीने गेली. मी दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांना बोलले. जे तोंडाला आलं ते बोलले. मिस्त्री पाठ करून पाने पुसत राहिले.

म्हणून त्या बाजाराच्या दिवशी, ते दप्तर बघून, मी म्हणाले, "मिस्त्री, जगाला हा प्रश्न विचारायचा अधिकार तुम्हाला नाही."

ते लॅपटॉपमधून वर न बघता म्हणाले, "म्हाईत हाय. म्हनून तर इचारतो, बाई."

मी कल्याणला गेले, माप नवं लिहून घेतलं, गाडी सुधारली. राग काही सुधारला नाही. पण गाडी जुनी, रस्ता खराब, आणि तालुक्यात दुसरा धड मिस्त्री नाही. महिन्यातून एकदा टायरवर बसणं आलंच. शेडच्या मागे ताडपत्रीखाली ती जीप दिसायची. मी तिकडे बघत नसे.

एकदा म्हणाले, "बाई, तुमच्या शहापुरात एका टेंपोवाल्याकडं एक इंजेक्टर हाय. त्याला ह्यो नवा द्या, त्याच्याकडला जुना घेऊन या. नंबर नीट बघा, वर कोरलेला हाय." कागदावर नंबर लिहून दिला.

"नवा देऊन जुना? डोकं फिरलंय का तुमचं?"

"लागतोय."

टेंपोवाल्यालाही तसंच वाटलं, की बाईंचं डोकं फिरलंय. मी तो जुना इंजेक्टर रुमालात गुंडाळून पर्समधून आणला आणि सहामाहीच्या बावीस उत्तरपत्रिकांना डिझेलचे डाग पडले. कोणाला काय उत्तर देणार होते मी? पोरांना सांगितलं, प्रयोग चालू होता.

मिस्त्री दर सोमवारी शेड बंद ठेवून कुठे कुठे जात, हे मला कानावर यायचं. एकदा कसाऱ्याला दिसले, एकदा तानशाच्या बाजूला कुणा ठेकेदाराच्या जीपखाली. लोक म्हणत, म्हातारचळ.

मग मे महिन्यातली एक सकाळ. शाळेला सुट्टी होती, मी गाडीचं ऑइल बदलायला गेले. शेवग्याखाली ताडपत्री निघालेली, जीप धुतलेली, बॉनेट उघडं. मिस्त्री बाजूला उभे. चड्डी इस्त्रीची.

"बसा बाई. जरा चक्कर मारू," म्हणाले.

सरळगावच्या पुढपर्यंत गेलो. जीप कशी चालली सांगू? गप्प. काळा धूर नाही, शिट्टी नाही, आचका नाही. चढाला तिसऱ्या गिअरमध्ये अशी उचलली, की मी दाराची कडी सोडून दिली. परत येऊन शेडपुढे उभी केली. इंजिन चालूच ठेवलं. मग ते एकदम बोलायला लागले.

"चार इंजेक्टर व्हते, बाई. तिनं लिवलं तवाचे. परत्येकाचा नंबर येगळा असतोय, नि त्या आतल्या सैपाक्याला तो म्हाईत असतोय. भंगारवाल्यानं चार ठिकाणी इकले. एक तुमी आनलात. तीन मी शोधले. सव्वा वरीस लागलं. टर्बो तर पार जुन्नरकडं मिळाला. पिस्टन कंपनीच्या मापाचे घातले. फिल्टर तोच, पायपाचं वळण तेच. तिनं लिवलं तवा जसं व्हतं, तसं समदं परत केलं."

"अहो, पण कल्याणचा तो माणूस तासाभरात नवं माप लिहून देतो. मला दिलंच की."

"मंग तिचं लिवलेलं पुसलं गेलं असतं." त्यांनी बॉनेटच्या कडेला हात टेकला. "एक अक्शर हलवलं नाय मी. बघा कसं चालतंय. तिचं कायच चुकलं नव्हतं, बाई. कायपन चुकलं नव्हतं."

सव्वा वर्ष! हा माणूस सव्वा वर्ष गावोगाव भंगार उपसत फिरला, आणि पुण्याला एक फोन करायला याला जमलं नाही! माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच्या जोडीला रागही. पूर्वी नव्हता इतका.

"मिस्त्री," मी म्हणाले, "तिला सांगलंत का?"

त्यांनी कपड्याने ऑइलची पट्टी पुसली. परत पुसली. ती केव्हाच स्वच्छ झाली होती.

"काय सांगू?"

"हेच. आत्ता मला सांगितलंत ते."

"नाय होत, बाई."

दर गुरुपौर्णिमेला कल्पनाचा मला फोन यायचा. बापाचं नाव काढायची नाही, पण "बाई, मुरबाडला पाऊस फार आहे का हो?" असं दर वेळी विचारायची. शहापूरला फोन करून मुरबाडचा पाऊस! मला काय कळत नव्हतं? मी मोबाइल काढला, नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि त्यांच्या हातात कोंबला.

"हॅलो, बाई?" पलीकडून कल्पना.

मिस्त्रींचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. शेवटी त्यांनी काय केलं, तर वाकून फोन चालू इंजिनाजवळ धरला. नुसता धरून उभे राहिले.

"हॅलो? बाई? कसला आवाज..." ती थांबली. बराच वेळ फक्त इंजिन बोलत होतं.

"रेस द्या," ती म्हणाली. आवाज बदललेला होता.

त्यांनी दुसऱ्या हाताने रेस दिली. इंजिन चढलं, उतरलं.

"त्या मोठ्या टर्बोची शिट्टी कुठं गेली, बाबा?"

"काढली," मिस्त्री म्हणाले.

"आजून काय बदललंत?"

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "मला नका सांगू. तिला सांगा."

आणि तो ताडमाड माणूस, बॉनेटसमोर, मला उभं केलं होतं तसाच मान खाली घालून उभा राहिला. समोर पानवाला बघत होता, एसटीची वाट बघणारी माणसं बघत होती. मिस्त्रींना त्यांचं भान नव्हतं.

"इंजेक्टर जुने घातले. तेच चार. टर्बो जुना घातला. पिस्टन घातले. फिल्टर..." इथे अडकले. चष्मा काढला, तारेची काडी बोटांत फिरवली. "आनि घाटात मी जे बोललो ना, कल्पे... समद्यांसमोर... ते खोटं व्हतं. ते माजं चुकलं व्हतं. तुला सांगाला पायजे व्हतं. आदी पन, नि मंग पन."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज.

"सांगलंत ना?" ती म्हणाली. "झालं मंग."

मिस्त्रींनी फोन तसाच छातीशी धरला. मी तो काढून घ्यायला गेले, तर सोडेनात. मी टायरवर जाऊन बसले. माझ्या फोनला त्या दिवशी लागलेलं ग्रीस काही केल्या गेलं नाही. मी रॉकेल लावून बघितलं नाही.